राज्य हात आखडू शकतं, आडवं येऊ शकत नाही

न्यू जर्सीतल्या एडिसनहून तुम्ही विचारलंय की न्यू जर्सीने स्थलांतरितांना 'अभय' दिलंय, मग व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना इथे कोणी हटकणार नाही ना? आणि टेक्सासमधल्या डॅलसचा भाऊ म्हणतो तिकडे साधे पोलीसही विचारतात, हे एकाच देशात कसं?

आपला गोंधळ होतो तो भारतातली रचना डोक्यात असते म्हणून. तिथे परदेशी नागरिक हा विषय केंद्राच्या सूचीत आहे, आणि 256 व्या कलमाखाली केंद्र राज्याला निर्देशही देऊ शकतं. धरपकड करतात ते बहुतेक राज्याचेच पोलीस. अमेरिकेतही विषय केंद्राचाच, पण राज्याच्या पोलिसाला केंद्र स्वतःच्या कामाला जुंपू शकत नाही. 1997 च्या प्रिंट्झ खटल्याने हे पक्कं केलं. तो खटला इमिग्रेशनचा नव्हताच. पिस्तूल घेणाऱ्यांची चौकशी स्थानिक शेरीफांनी (काउंटीच्या पोलीसप्रमुखांनी) करावी, या केंद्राच्या कायद्याविरुद्ध शेरीफच कोर्टात गेले होते. बंदूकवाल्यांना आवडलेला तो निकाल आज कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ढाल म्हणून वापरतात, ही मला यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट वाटते.

उलट्या बाजूने, राज्याला स्वतःचा इमिग्रेशन कायदा चालवायचीही मुभा नाही. ॲरिझोनाने 2010 मध्ये तसं करून पाहिलं. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या कायद्याची तीन कलमं रद्द केली, पण एक ठेवलं: दुसऱ्या कारणाने अडवलेल्या माणसाबद्दल संशय आला तर पोलिसांनी त्याचा इमिग्रेशन दर्जा तपासायचा.

आता न्यू जर्सी. इथे 2018 मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलने पोलिसांसाठी आदेश काढला आणि 2021 मध्ये केंद्रीय अपील कोर्टाने तो टिकवला. त्यामुळे तुमच्या गावचा पोलीस सहसा इमिग्रेशन दर्जा विचारत बसत नाही. जेलमधल्या माणसाला सुटकेनंतर 48 तासांपर्यंत धरून ठेवा, असा 'डिटेनर' आइसकडून, म्हणजे इमिग्रेशन कायदा राबवणाऱ्या केंद्राच्या यंत्रणेकडून, येतो. ती विनंती असते, हुकूम नाही, आणि इथले पोलीस ती सहसा मानत नाहीत. बस, अभय ते एवढंच. आइसची माणसं स्वतः येऊन अटक करू शकतात, राज्य त्यांना रोखू शकत नाही. खासगी कंपन्यांनी आइससाठी कोठड्या चालवू नयेत असा कायदा याच राज्याने 2021 मध्ये केला. 2025 मध्ये अपील कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला.

लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे बोटांचे ठसे. कुठल्याही कारणाने अटक होऊन ठसे घेतले गेले, की ते एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप होमलँड सिक्युरिटीच्या, म्हणजे आइस ज्याखाली येतं त्या केंद्रीय खात्याच्या, यंत्रणेत. गावातल्या पोलिसाने फोन केला नाही तरी आइसला कळतं. व्हिसावर असलेल्यांनी घरगुती भांडणातली अटकसुद्धा किरकोळ समजू नये.

टेक्सासचं उत्तर सोपं. तिथे 2017 चा राज्याचाच कायदा आहे: डिटेनर पाळा, आणि पोलिसाला इमिग्रेशन दर्जा विचारायला वरिष्ठांनी मनाई करायची नाही. स्वतःच्या शहरांना राज्य जुंपू शकतं. भाऊ चुकीचं सांगत नाहीये.

आई-बाबांसाठी: आय-94, म्हणजे देशात शिरल्याच्या नोंदीचा कागद, सरकारी संकेतस्थळावरून फुकट मिळतो. छापून दोघांच्या खिशात ठेवा, कारण अठरा वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगणं केंद्रीय कायद्याने सक्तीचं आहे आणि त्यातून कुठल्याच राज्यात सूट नाही. त्यावरची 'कधीपर्यंत राहता येईल' ही तारीख बघा, व्हिसाच्या शिक्क्यावरची नव्हे. दारात कोणी कागद घेऊन आलं, तर उघडण्याआधी तो खिडकीतून दाखवायला सांगा आणि खालची सही पाहा. आय-200 या आइसच्या अटक-वॉरंटच्या फॉर्मवर इमिग्रेशन अधिकाऱ्याची सही असते, न्यायाधीशाची नाही. तुमच्या संमतीविना घरात शिरायला कोर्टाचं वॉरंट लागतं, हा अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीचा रूढ अर्थ आहे. तरी अंगावर धावून जाऊ नका, दार अडवून धक्काबुक्की तर अजिबात नको. वकिलाचा नंबर फ्रिजवर लावून ठेवा. आई-बाबांना तुमच्या फोनचा पासवर्ड माहीत नसतो.