पंप कपाटात ठेवू नकोस

डिचोली, श्रावण

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई परवा बाजारात भेटली. दम्याच्या पंपाने, म्हणजे रोज ओढायच्या इनहेलरने, वजन वाढतं म्हणून तू तो महिनाभर कपाटात ठेवला आहेस म्हणे. आधी तो बाहेर काढ, मग पुढचं वाच.

त्या पंपातही स्टिरॉइडच असतं, पण वजन वाढवतात त्या स्टिरॉइडच्या गोळ्या, तेही वारंवार किंवा बरेच दिवस घेतल्या तर. गोळी मिलिग्रॅममध्ये मोजतात, पंपातलं औषध त्याहून कितीतरी बारीक मापात, मायक्रोग्रॅममध्ये, आणि ते ओढलं की थेट श्वासनलिकांवर काम करतं. पंप सोडून दमा उसळला, की मात्र डॉक्टरांना गोळ्याच द्याव्या लागतात. टाळायला गेलीस तेच पुन्हा दारात!

वजनाचा आणि दम्याचा संबंध मात्र खरा आहे. पोटावर चरबी साठली की श्वासपटलाला खाली सरकायला जागा कमी पडते. श्वास उथळ होतो, बारीक श्वासनलिका लवकर मिटतात. शिवाय चरबी नुसती बसून राहत नाही, लेप्टिनसारखी दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडते. त्यामुळे जाड माणसाला कधीकधी पंपाचा गुणही कमी येतो. काहींना तर दमा सुरूच होतो वजन वाढल्यावर.

पण जिन्यावरची प्रत्येक धाप दम्याची नसते आणि प्रत्येक धाप वजनाचीही नसते. मी दोन वर्षं "वजन उतरवा, मास्तर" एवढंच ऐकत होतो. फुंकून करायची तपासणी, स्पायरोमेट्री, कुणी केलीच नाही. झाली तेव्हा दमा निघाला. तुझी झाली नसेल तर आईला घेऊन बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जा.

उपाशी राहू नकोस. वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरलं तरी दमा आटोक्यात यायला मदत होते. म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाने चार ते आठ किलो. चतुर्थीला नेवरी खा, डबाभर नको. पोदेराचे उंडे, म्हणजे पाव, रोज चार कशाला? आणि पावसात तुझ्या खोलीच्या भिंतीला बुरशी धरते, ती आधी पुसून काढ. तिचा त्रास वजन उतरल्याने जायचा नाही.

रविवारी उघडीप असली तर मये तळ्याकडे फेरी मारू. माझी चाल संथ आहे, तुला धाप लागायची नाही. लागली तर थांबू. झटक्याचा पंप, धाप लागली की लगेच ओढायचा तो, खिशात असू दे.

तुझा,
मास्तर