प्रश्न तुमचे: ना धड केमिस्ट ना धड डॉक्टर, मग फेलोशिप मागायची कुणाकडे?

मागच्या अंकात पर्यावरण आणि आरोग्य या विषयातल्या संशोधनाबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातली चार निवडलीयत.

प्रश्न: ताई, माझी पीएचडी हवेतल्या बारीक कणांच्या केमिस्ट्रीवर आहे, सहा महिन्यांत संपेल. पुढे या कणांचा तब्येतीवर काय परिणाम होतो त्यावर काम करायचंय. पण मेडिकलवाले म्हणतात तुम्ही केमिस्ट, केमिस्ट्रीवाले म्हणतात हे आमचं नाही. मला कुणी फेलोशिप देईल का?

देतील की. आणि हे "आमचं नाही" प्रकरण या विषयातल्या जवळजवळ प्रत्येकाने ऐकलेलं असतं, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. हवेचं प्रदूषण आणि आरोग्य यावर काम करणारे आर्डेन पोप हे नाव तुम्ही पेपरांमध्ये शंभर वेळा वाचलं असेल, ते मुळात इकॉनॉमिस्ट! अमेरिकेत युटामध्ये एक पोलादाचा कारखाना कामगारांच्या वादामुळे 1986-87 मध्ये वर्षभर बंद पडला, तर यांनी काय केलं, हॉस्पिटलांच्या अ‍ॅडमिशनचे आकडे काढले आणि कारखाना चालू असतानाचे नि बंद असतानाचे शेजारी ठेवले. लहान मुलांची ब्राँकायटिस आणि दम्यासाठीची भरती कारखाना चालू असताना साधारण दुप्पट निघाली. 1989 चा पेपर आहे, जरूर वाचा. ना लॅब ना सॅम्पल, नुसता प्रश्न बरोबर पकडला.

आता तुमच्या कामाचं. फक्त याच विषयासाठी म्हणून असलेल्या योजना कमी आहेत, पण आहेत. अमेरिकेच्या एनआयएचमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत, पर्यावरण आणि आरोग्य यासाठी एनआयईएचएस ही वेगळी संस्थाच आहे, तिच्याकडून के-99/आर-00 नावाची ग्रँट मिळू शकते, म्हणजे आधी मेंटरच्या हाताखाली साधारण दोन वर्षं आणि मग स्वतःची नोकरी लागली की तीन वर्षांपर्यंत स्वतःचा पैसा. कॅन्सरकडे कल असेल तर फ्रान्समधल्या लिऑनची आयएआरसी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था बघा, 2013 मध्ये बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाला कॅन्सरचं कारण म्हणून पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत, टाकणारी तीच. बाकी युरोपियन युनियनची मेरी क्युरी, जर्मनीची हुंबोल्ट अशा मोठ्या फेलोशिपना विषयाचं बंधन नसतं, तिथे तुम्हीही रांगेत आणि खगोलशास्त्रवालाही रांगेत. मेरी क्युरीचं एक लक्षात ठेवा, ज्या देशात जायचंय तिथे डेडलाइनच्या आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं चालत नाही. बरेच जण आधी तिथे जाऊन बसतात आणि मग अर्ज भरायला घेतात, तोवर गाडी सुटलेली असते.

माझा सल्ला विचाराल तर योजना नंतर, आधी होस्ट, म्हणजे ज्यांच्या हाताखाली काम करायचं ते प्रोफेसर, शोधा, आणि असा शोधा की ज्याला तुमची केमिस्ट्री येत नाही. तुमच्यासारखंच काम करणाऱ्याकडे गेलात तर रिव्ह्यूअर विचारणारच की मग नवीन काय शिकणार. एपिडेमिऑलॉजीवाल्याकडे, म्हणजे लोकसंख्येत आजार कसे पसरतात ते अभ्यासणाऱ्याकडे जा, ज्याच्याकडे हजारो लोकांचा आजारपणाचा डेटा आहे पण हवेच्या बाबतीत फक्त जवळच्या स्टेशनचा पीएम 2.5 चा, म्हणजे हवेतल्या बारीक कणांचा, एक आकडा. त्याला तुम्ही हव्या आहात, तुम्हाला तो हवाय, प्रपोजलचं अर्धं काम तिथेच झालं. मेल लिहिताना "आदरणीय सर, मला आपल्या लॅबमध्ये संधी द्यावी" हे नको हो. त्यांचा कुठला पेपर वाचला, त्यात कुठे अडलं, ते अडलेलं तुम्ही कसं सोडवाल, पाच-सहा ओळी, बास. आणि डेडलाइनच्या चार-पाच महिने आधी, पंधरा दिवस आधी नाही.

प्रश्न: माझं प्रपोजल परत आलं. विषय होता प्लास्टिकमधलं बीपीए हे रसायन आणि मधुमेह. 400 जणांचं एकेकदा युरिन सॅम्पल घेऊन बीपीए मोजणार होतो. रिव्ह्यूअरने लिहिलं एक्स्पोजरचं, म्हणजे शरीरात बीपीए किती गेलं त्याचं, मोजमाप कच्चं आहे. 400 कमी पडले का? आणखी किती घेऊ?

नाही ओ, 400 चा प्रश्नच नाही, 4000 घेतले असते तरी शेरा तोच आला असता. बीपीए शरीरात टिकतं किती? काही तास. आज सकाळी डब्यातलं खाल्लं, उद्यापर्यंत बहुतेक सगळं बाहेर. म्हणजे तुमचं एक सॅम्पल सांगणार फक्त काल-आज काय झालं ते, आणि मधुमेह तर वर्षानुवर्षं हळूहळू होणारी गोष्ट. रिव्ह्यूअरला तिथेच खटकलं, आणि खटकायलाच हवं.

या विषयात कुठला पदार्थ शरीरात कुठे आणि किती दिवस राहतो यावर सगळं उभं असतं. शिसं घ्या. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात अर्ध्यावर येतं, पण हाडात आणि दातात ते वर्षानुवर्षं बसून राहतं. म्हणून हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या शिशाचा अभ्यास करताना रक्ताच्या मागे न लागता पडलेले दुधाचे दात गोळा केले! पहिली-दुसरीतल्या मुलांचे दात, त्यातलं शिसं मोजलं आणि दाखवलं की ज्यांच्या दातात शिसं जास्त त्यांचे बुद्धिमत्तेच्या चाचणीतले गुण कमी आणि वर्गातलं लक्षही कमी, 1979 चं काम आहे ते. दात म्हणजे मुलाच्या आतापर्यंतच्या आयुष्याची वहीच, ती वाचायची हे सुचणं म्हणजे खरी कमाल. आणि बीपीएच्या उलट पीएफओए, म्हणजे नॉनस्टिक वगैरे बनवण्यात वापरलं गेलेलं, ते रक्तात काही वर्षं टिकतं, तिथे एक सॅम्पलसुद्धा बरंच काही सांगून जातं.

तर आता काय करायचं, 400 चे 150 करा पण प्रत्येकाची सॅम्पल्स वेगवेगळ्या दिवशी, शक्यतो काही महिन्यांच्या अंतराने पाच-सहा वेळा घ्या. पैसे पुरत नसतील तर एका माणसाची सगळी सॅम्पल्स एकत्र करून एकदाच मोजता येतात, सरासरी मिळते, चढउतार मात्र दिसत नाही, तेवढं लिहून टाका, लपवू नका. त्याहून सोपं म्हणजे एखाद्या जुन्या कोहॉर्टची, म्हणजे वर्षानुवर्षं पाहिलेल्या लोकांच्या गटाची, फ्रीझरमध्ये ठेवलेली सॅम्पल्स मिळतात का बघा, ज्यात मधुमेह व्हायच्या आधीची युरिन आहे. नाहीतर मधुमेह झाल्यावर माणूस खाणंपिणं बदलतो आणि मग कशामुळे काय हेच कळेनासं होतं. शिवाय दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये नवीन माणसं जमवायची म्हटलं तर एथिक्स कमिटीच्या मंजुरीतच कित्येक महिने जातात, हे कॅलेंडर आधी मांडा.

माझंही पहिलं प्रपोजल असंच पडलं होतं, मी सांधेदुखी, दमा, झोप, त्वचा सगळं एकाच अर्जात घातलेलं, शेरा आला होता "उमेदवार उत्साही आहे". दोन दिवस मला ते कौतुक वाटत होतं!

प्रश्न: पीएचडीला पाच वर्षं झाली, मधली दोन वर्षं बाळामुळे घरी होते. आता मी अर्ली-करिअरमध्ये बसते का, की संपलं सगळं?

काही संपलेलं नाही. प्रत्येक योजनेचं घड्याळ वेगळं असतं. मेरी क्युरीत पीएचडीनंतर 8 वर्षांपर्यंत, हुंबोल्टच्या पोस्टडॉक फेलोशिपला 4 वर्षं, के-99 ला तर पीएचडीपासून नाही, पोस्टडॉकचा अनुभव किती झाला ते मोजतात, तिथे मर्यादा साधारण 4 वर्षांची. बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनातला काळ या तिन्हीकडे कुठल्या ना कुठल्या पद्धतीने वजा होतो किंवा मुदत वाढवून मिळते, पण बऱ्याचदा आपण मागावी लागते आणि कागद जोडावे लागतात. नियम वर्षागणिक बदलतात म्हणून चालू वर्षाचीच गाइडलाइन उघडा, मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी काय सांगितलं त्यावर जाऊ नका. आणि सीव्हीत ती दोन वर्षं रिकामी सोडू नका, एका ओळीत सरळ लिहा. माफीनामा नको.

प्रश्न: गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचा पैसा असलेल्या ठिकाणाहून हवेच्या प्रदूषणावरची ग्रँट घ्यावी का? आमचे सर म्हणतात नाव खराब होतं.

सरांची भीती बिनबुडाची नाही, पण पैसा कुठून आला यापेक्षा तो कुठल्या वाटेने आला ते बघा. बोस्टनचं हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूट 1980 मध्ये निघालं, त्याच्या मूळ कामाचा साधारण निम्मा पैसा अमेरिकन सरकारच्या पर्यावरण खात्याचा आणि निम्मा वाहन उद्योगाचा. त्यांचा रोझेनब्लिथ पुरस्कार नुकतेच असिस्टंट प्रोफेसर झालेल्यांसाठी आहे. आता गंमत बघा. 1993 मध्ये हार्वर्डचा सहा शहरांचा अभ्यास आला, आठ हजारांवर माणसं चौदा ते सोळा वर्षं पाहिलेली, सगळ्यात प्रदूषित शहरात मृत्यूदर सगळ्यात स्वच्छ शहरापेक्षा 26 टक्के जास्त. उद्योगांनी आरडाओरडा केला की आकडे दाखवा. तेव्हा याच इन्स्टिट्यूटने बाहेरच्या तज्ज्ञांकडून सगळा डेटा पुन्हा तपासून घेतला आणि 2000 मध्ये जाहीर केलं की निष्कर्ष टिकतात. वाहन कंपन्यांचा निम्मा पैसा असूनसुद्धा.

म्हणून सही करण्याआधी करारात तीनच गोष्टी शोधा: निकाल छापायला देणाऱ्याची परवानगी लागते का, छापण्याआधी मजकूर त्यांना दाखवावा लागतो का आणि दाखवला तर ते बदल सुचवू शकतात की अडवू शकतात, आणि डेटा शेवटी कुणाचा. पहिल्याचं उत्तर "हो" आलं तर बाकीचे दोन वाचायचे कष्ट घेऊ नका.