विंडोज १० आणि जुना संगणक

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेचा जमाखर्च २०१६ साली घेतलेल्या संगणकावर ठेवला जातो. विंडोज १० आता कालबाह्य झाल्याने तो भंगारात काढावा, असे दुकानदार म्हणतात. ते योग्य आहे का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : एवढी घाई करण्याचे कारण नाही. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १०साठीच्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. संगणक मात्र पूर्वीसारखाच चालतो, आणि धोका हळूहळू वाढतो तो नव्याने सापडणाऱ्या त्रुटी उघड्या राहिल्याने. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. अनेक संगणकांत ती असूनही बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) नुसती बंद ठेवलेली असते, हे विक्रेते क्वचितच सांगतात. तथापि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा वा त्यानंतरचा असावा लागतो, त्यामुळे आपला २०१६चा संगणक त्या अटीत बसणार नाही. आडवाटेने विंडोज ११ बसवून देणारे भेटतील. जमाखर्चाच्या संगणकावर तो प्रयोग मी करणार नाही.

सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’ या पानावरून वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी नोंदणी करता येते. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी १३ ऑक्टोबर २०२६ ही मुदत जाहीर केली असून, सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवल्यास पैसे पडत नाहीत. पुढे विंडोजऐवजी लिनक्स या मोफत कार्यप्रणालीचा पर्याय आहे, परंतु आपले हिशेबाचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालणारे असेल, तर नव्या संगणकाची तरतूद पुढील वार्षिक सभेतच मंजूर करून घ्यावी.