सही सर्वांत शेवटी बघ

अनेक आशीर्वाद.

तू विकत घ्यायचा म्हणतोयस त्या जपानी ब्राँझच्या वाघाचे फोटो पाहिले. निम्मे फोटो पोटावरच्या सहीचेच आहेत. विकणाऱ्याला तुझं लक्ष जिथे हवं होतं, बरोबर तिथेच त्याने नेलंय. जुन्या जपानी ब्राँझवर नामवंताची सही मागाहून कोरणं किंवा सहीसकट साचा उचलून नवी प्रत ओतणं, हे या बाजारात सर्रास चालतं. म्हणून सही सर्वांत शेवटी.

आधी हे प्राणी आले कुठून ते बघ. तू शोधतोयस तो जपानचा मेजी काळ, 1868 ते 1912. 1876 मध्ये सरकारने तलवार लावून फिरण्यावर बंदी घातली आणि मुठी, परज (मुठीपुढची हात वाचवणारी चकती) घडवणाऱ्या धातुकारागिरांच्या पोटावर पाय आला. त्याच सुमारास व्हिएन्ना (1873), फिलाडेल्फिया (1876), पॅरिस (1878) इथल्या जागतिक प्रदर्शनांतून युरोप-अमेरिकेचं गिऱ्हाईक मिळालं. तळहाताएवढ्या परजेवर सोन्याचांदीचं जडावकाम करणारे हात आता वाघ, माकडं, ससाणे घडवू लागले. धातुकारागीर सुझुकी चोकिची यांचे शिकागोच्या 1893 च्या प्रदर्शनातले बारा ससाणे आज कानाझावाच्या राष्ट्रीय कारागिरी संग्रहालयाकडे आहेत. त्यांचे फोटो मोठे करून नुसते पाय बघ. बोटांवरचा खवला न् खवला वेगळा आहे.

तुझ्या वाघाकडे त्याच नजरेने बघायचं. भिंग घे आणि मानेपासून पाठीपर्यंत केसांवरून सावकाश फिरव. चांगल्या कामात मेणाच्या नमुन्यावरून केलेल्या साच्यात ओतून झाल्यावर कारागीर छिन्नी घेऊन पुन्हा बसलेला असतो. रेघ सुरुवातीला खोल आणि टोकाला निमुळती होत जाते, शेजारची रेघ थोडी वेगळी वळते. प्रतीवरून उचललेल्या प्रतीत याच रेघा साबणाच्या झिजलेल्या वडीवरच्या अक्षरांसारख्या बुजलेल्या दिसतात. मग उलटा कर. पंजाखालच्या गाद्या, शेपटीची आतली बाजू, तोंडातला टाळू, जिथे कुणी बघणार नाही तिथे हात कसा चाललाय ते बघ. लोहचुंबकावर विसंबू नकोस. तो ब्राँझला चिकटत नाही, पण जस्तालाही चिकटत नाही, आणि बऱ्याच स्वस्त नकला जस्ताच्याच असतात. तळाशी खरचटलेल्या जागी रुपेरी-करडं दिसलं तर हात जोडून निघ.

आता रंग. इथे आपली माणसं सगळ्यात जास्त चुकतात. तो काळपट-तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. तो मुद्दाम चढवलेला असतो आणि निम्मी किंमत त्याचीच असते. तांब्यात थोडं सोनं घालून केलेला शाकुदो हा मिश्रधातू काळा-जांभळा करायला तो किसलेल्या मुळ्याच्या रसात बुडवून मग तांब्याच्या क्षारांच्या पाण्यात उकळतात. (मुळ्याचा इतका चांगला उपयोग मला दुसरा माहीत नाही.) वाघाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या पुष्कळदा याच शाकुदोच्या असतात. तेव्हा घरात आधीच बजावून ठेव: दिवाळीच्या साफसफाईत देवाच्या समयांबरोबर हा वाघ पितांबरीच्या वाटीपाशी जाता कामा नये. चिंच नको, लिंबू नको, राख नको. मऊ कोरडा ब्रश आणि सुती फडकं, बस्स. दुकानातच कुणी पूर्वी घासून चकचकीत केलेला तुकडा असेल तर घेऊ नकोस. गेलेला थर परत आणता येत नाही.

मुंबईची हवा ब्राँझला मानवत नाही. समुद्राच्या बाजूच्या खिडकीत, ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नकोस. पावसाळ्यात खाचांकडे लक्ष ठेव. गडद, घट्ट हिरवा थर असेल तर चिंता नाही. पण फिकट हिरवी पूड दिसली, पुसली आणि पुन्हा आली, तर क्षार धातूला आतून खातायत. मग घरगुती उपाय न करता जतनतज्ज्ञाला दाखव.

हत्तीही तुझ्या मनात आहे असं लिहिलंस. मेजी काळातले हत्ती देखणे असतात, विशेषतः वाघांनी घेरलेले. पण त्यांचे सुळे अनेकदा खऱ्या हस्तिदंताचे असतात आणि आपल्याकडे हस्तिदंताची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी. सुळे गळून पडलेला हत्ती चालेल, बदलून लाकडी बसवलेलेही चालतील. पण पावतीवर तसं स्पष्ट लिहून घे. आणि वस्तू खरंच शंभर वर्षांपलीकडची असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. उद्या परदेशी स्थायिक व्हायचा विचार असेल तर हे आत्ताच लक्षात घे.

पैसे देण्याआधी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊन टाटांच्या संग्रहातल्या जपानी वस्तू बघून ये. आणि विकणाऱ्याकडून वाघाच्या पंजांचे, खालच्या बाजूने काढलेले, फोटो मागव. तो टाळाटाळ करू लागला तर मला फोन कर.