नैराश्याची तीव्रता कशी ठरवतात? दोन प्रश्नावल्यांत १६ गुण येऊनही निष्कर्ष वेगळे का?

आपण लिहिले आहे की, आपल्या ६३ वर्षांच्या आईंनी फॅमिली डॉक्टरांकडे नऊ प्रश्नांचा तक्ता भरला तेव्हा १६ गुण आले आणि आजार मध्यमपेक्षा अधिक असल्याचे सांगण्यात आले; पुढच्या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे २१ प्रश्नांची प्रश्नावली भरली, तिच्यातही १६ गुण आले, पण तेथे 'सौम्य' असा शेरा मिळाला. मग खरे कोणाचे मानायचे? मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे आणि या दोन्ही प्रश्नावल्या माझ्या नेहमीच्या वापरातल्या आहेत. दोन्ही डॉक्टरांनी गुणांचा अर्थ बरोबर लावला आहे. मात्र त्या गुणांवरून आईंचा आजार किती गंभीर आहे हे अजून ठरलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

नऊ प्रश्नांचा तक्ता म्हणजे पीएचक्यू-९. त्याचे एकूण गुण २७ आणि १५ ते १९ हा त्यातला मध्यम व तीव्र यांच्या मधला टप्पा. २१ प्रश्नांची प्रश्नावली बहुधा अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांची, १९९६ची सुधारित आवृत्ती असावी. तिचे एकूण गुण ६३ आणि १४ ते १९ म्हणजे सौम्य. डॉक्टरांनी स्वतः मुलाखत घेऊन भरायची, मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० साली मांडलेली १७ मुद्द्यांची मापनश्रेणी वापरली असती, तर एका प्रचलित विभागणीनुसार याच १६ गुणांना 'मध्यम' म्हटले गेले असते. म्हणून कोणीही नुसता आकडा सांगितला, तर तो कोणत्या मापनश्रेणीवरचा आहे हे आधी विचारावे.

एकूण गुणांतल्या फरकापेक्षा महत्त्वाचे असते ते प्रश्नांचे स्वरूप. पीएचक्यू-९ मागच्या दोन आठवड्यांत एखादा त्रास किती दिवस झाला एवढेच विचारते. तो त्रास किती खोल होता, हे त्यातून कळत नाही. शिवाय झोप, थकवा, भूक, एकाग्रता आणि हालचालींतला मंदपणा किंवा अस्वस्थता हे नऊपैकी पाच प्रश्न आहेत, आणि साठीनंतर गुडघेदुखी, मधुमेह किंवा रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे यांमुळेही त्यांतले काही गुण वाढू शकतात. बेक यांच्या प्रश्नावलीत याउलट अपराधीपणा, अपयशाची भावना, स्वतःला दोष देणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, अशा विचारांना बरीच जागा आहे. आपल्याकडच्या अनेक वयस्क स्त्रिया दुःख अशा शब्दांत मांडत नाहीत. 'अंगात त्राण नाही', 'जीव घाबरा होतो', 'कशात मन लागत नाही' असे त्या सांगतात, आणि 'मी स्वतःला नापसंत करते' यासारखे छापील वाक्य समोर आले की त्यापुढे शून्य लिहून मोकळ्या होतात. त्यातच प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायला मुलगा किंवा सून शेजारी बसलेली असेल, तर गुण आणखी खाली येतात. आपल्या आईंच्या बाबतीत काय झाले ते मला ठाऊक नाही; पण प्रश्नावली कोणी वाचली आणि खोलीत कोण होते, हे मी सर्वांत आधी विचारले असते.

याच दोन प्रश्नावल्या एकत्र कशा वापरता येतात, याचे चांगले उदाहरण गोव्यातले आहे. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेने केलेला अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात पीएचक्यू-९वर १४हून अधिक गुण असलेल्या रुग्णांना निवडले, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी त्यांना थोड्या बैठकांचा उपचार दिला, आणि तीन महिन्यांनी आजाराची तीव्रता बेक यांच्या प्रश्नावलीने मोजली. आजार ओसरला का, हे मात्र पुन्हा पीएचक्यू-९वरच पाहिले; म्हणजे निवडीसाठी एक आणि परिणामासाठी दोन्ही प्रश्नावल्या तेथे वापरल्या होत्या.

गुणांच्या पलीकडे मी पहिल्यांदा पाहतो ते दैनंदिन जगणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या वर्गीकरणातही सौम्य, मध्यम आणि तीव्र ठरवताना लक्षणांच्या संख्येबरोबर नेहमीची कामे कितपत जमतात हे पाहिले जाते. आई स्वयंपाक करतात का, की करायचा म्हणून करतात आणि मीठ विसरतात? आंघोळ स्वतःहून करतात, की चार वेळा सांगावे लागते? शेजारणीकडे, देवळात, लग्नकार्याला जाणे थांबले आहे का, आणि केव्हापासून? या उत्तरांना मी दोन-चार गुणांच्या फरकापेक्षा कितीतरी अधिक वजन देतो, आणि ती घरच्यांकडूनच मिळतात.

यानंतरचा भाग धोक्याचा आहे आणि तो कोणत्याही बेरजेत बुडू देता कामा नये. पीएचक्यू-९चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. एकूण गुण सहाच असले आणि त्यांतला एक जरी या प्रश्नाचा असला, तरी त्याच दिवशी सविस्तर बोलावे लागते. 'देवाने उचलून न्यावे' असे वाटणे आणि कसे मरायचे हे मनात ठरलेले असणे यांत फरक आहे, आणि तो शांतपणे, थेट विचारल्यावरच कळतो. विचारल्याने असा विचार डोक्यात येतो ही भीती निराधार आहे. पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का, घरात कीटकनाशक किंवा गोळ्यांचा साठा आहे का, हेही पाहावे आणि असल्यास तो आजच त्यांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. खाणेपिणे जवळजवळ बंद होणे, किंवा 'माझ्या पापामुळे घर बुडाले', 'माझी आतडी सडली आहेत' अशा खोट्या पण ठाम समजुती, ही तीव्र आजाराची लक्षणे आहेत, मग तक्त्यात आकडा काहीही असो. फार आजारी माणसाला पुष्कळदा तक्ता नीट भरताच येत नाही.

थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन यांच्या तपासण्या झाल्या नसतील तर करून घ्याव्यात. पूर्वी कधी अतिउत्साहाचा, झोपेची गरजच न वाटण्याचा काळ येऊन गेला होता का, हेही तज्ज्ञांना आवर्जून सांगावे, कारण तसे असल्यास औषधांची निवडच बदलते.

माझा सल्ला असा की, मानसोपचारतज्ज्ञांकडे पुन्हा जावे, दोन्ही तक्ते सोबत न्यावेत, आईंना काही वेळ एकट्याने बोलू द्यावे आणि घरात काय काय थांबले आहे हे आपण वेगळे सांगावे. वाट पाहण्यासारखी स्थिती वाटत नसेल, तर १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. उपचार सुरू झाल्यावर तीच एक प्रश्नावली, शक्यतो त्याच व्यक्तीने, दर दोन ते चार आठवड्यांनी भरून घ्यावी. पीएचक्यू-९वर पाच गुणांची घट ही दखल घेण्याजोगी सुधारणा मानतात, गुण निम्म्यावर आले तर उपचार लागू पडला असे म्हणतात, आणि पाचच्या खाली येईपर्यंत पाठपुरावा सोडायचा नसतो.