शरीराला धातू दिसतच नाही (वाचकांचे प्रश्न, इम्प्लांटबद्दल)

मागच्या अंकात इम्प्लांटवर, म्हणजे शरीरात बसवायच्या कृत्रिम वस्तूंवर, जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. त्यातले सहा घेतलेत. एक आधीच सांगते, मी वस्तू बनवणाऱ्यांच्या बाजूची, इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे कुठली गोळी घ्यायची आणि कुठली बंद करायची हे मला विचारू नका.

प्रश्न: ताई, आईचं खुब्याचं ऑपरेशन ठरलंय, टायटॅनियमचा सांधा बसवणार म्हणाले. दुसऱ्याची किडनी बसवली तर शरीर नाकारतं म्हणतात, मग हा एवढा मोठा धातूचा तुकडा कसा काय चालवून घेतं?

किडनी जिवंत असते, तिच्या पेशींवर दुसऱ्या माणसाची खूण असते आणि ती खूण बघूनच आपली प्रतिकारशक्ती तिच्यावर तुटून पडते. धातूवर अशी खूणच नाही, म्हणून त्या अर्थाने नाकारणं होत नाही. पण म्हणून शरीर गप्प बसतं असंही नाही हं. वस्तू आत गेली की काही सेकंदांत रक्तातली प्रथिनं तिला चिकटतात, आणि नंतर ज्या पेशी येतात त्यांची गाठ पडते ती या प्रथिनांच्या थराशी, खालचा धातू त्यांना दिसतच नाही. पृष्ठभाग जसा असेल तशी प्रथिनं बसतात आणि प्रथिनं जशी बसली असतील तशा पेशी वागतात. मग मॅक्रोफेज नावाच्या पेशी येतात, त्यांचं कामच परकं काही दिसलं की गिळायचं, पण एवढा मोठा घास गिळणार कसा, मग त्या एकमेकींत मिसळून मोठ्या पेशी बनवतात आणि शेवटी वस्तूभोवती चिवट तंतूंची एक पिशवी विणली जाते. पेसमेकरच्या डबीभोवती अशी पिशवी झाली तरी काही बिघडत नाही. खुब्याच्या सांध्याचा जो दांडा मांडीच्या हाडात जातो त्याच्याभोवती मात्र ती नको, कारण पिशवी मऊ असते, दांडा हलायला लागतो, आणि हलला की दुखतो.

टायटॅनियमची खासियत इथे येते. हवा लागली की त्याच्यावर आपोआप ऑक्साइडचा थर येतो, फक्त काही नॅनोमीटरचा, आणि ओरखडा पडला तरी लगेच पुन्हा तयार होतो. हा थर इतका शांत असतो की हाड थेट त्याला येऊन बिलगतं. हे सापडलं तेही दुसरंच काही शोधताना. स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रॉनेमार्क सशांच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते, १९५२ च्या सुमाराची गोष्ट, त्यासाठी हाडात टायटॅनियमची नळी बसवलेली, आणि नंतर ती काढायला गेले तर निघेना! १९६५ मध्ये त्यांनी तोच धातू माणसाच्या जबड्यात दातांसाठी बसवला.

आता यातली गंमत अशी की हाच टायटॅनियम घासण्याच्या कामाला अगदी वाईट. म्हणून आईच्या सांध्यात दांडा टायटॅनियमचा असला तरी त्यावरचा गोळा बहुतेक सिरॅमिकचा किंवा कोबाल्ट-क्रोमचा असेल आणि वाटीत पॉलिथिलिन. जॉन चार्न्ली या सर्जनने इंग्लंडमध्ये आधी वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं होतं, ते भराभर झिजलं आणि झिजलेल्या भुकटीने आजूबाजूला सूज आली. खात्री करायला त्याने टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत घालून पाहिलं, तिथेही गाठी आल्या. तेव्हा टेफ्लॉन शरीराला चालतं की नाही? अखंड तुकडा असताना चालतं, भुकटी झाली की नाही. म्हणून कुणी नुसतं ‘अमुक पदार्थ बायोकम्पॅटिबल आहे’, म्हणजे शरीराला चालतो, म्हणालं की मी विचारते, कुठे बसवणार, काय काम करणार, आणि झिजून त्याचं काय होणार.

प्रश्न: मॅडम, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी टायटॅनियमच्या चकत्यांवर प्लाझ्मा स्प्रेने हायड्रॉक्सीॲपेटाइटचं कोटिंग करून घेतलं. जाड केलं की पापुद्रे सुटतात, पातळ केलं की सर म्हणतात टिकणार नाही. नक्की किती जाड ठेवू?

बाकीच्या वाचकांसाठी, हायड्रॉक्सीॲपेटाइट म्हणजे हाडातल्या खनिजासारखाच पदार्थ. पापुद्रे चकतीच्या कडेपासून सुटतात ना? बघ एकदा भिंगाखाली. होतं काय, फवारलेले कण वितळून धातूवर आपटतात, चपटे होतात, एकावर एक बसतात आणि थंड व्हायला लागतात. थंड होताना हायड्रॉक्सीॲपेटाइट टायटॅनियमपेक्षा जास्त आकसायला बघतं, साधारण दीडपट म्हण, आणि खालचा धातू त्याला आकसू देत नाही. तो ताण थरात साठून राहतो. जाडी वाढवलीस की साठलेली ऊर्जाही वाढते आणि कड उचलली जाते. म्हणजे सरांना नमस्कार सांग, पण जाडीने टिकाऊपणा येत नाही, उलटच होतं. ५० ते १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास ये.

पण खरी मेख जाडीत नाहीच. फवारण्याआधी चकती ग्रिट ब्लास्टिंगने, म्हणजे कठीण कणांचा मारा करून, खरखरीत केली होतीस का? हे कोटिंग धातूला रासायनिक बंधाने फारसं चिकटत नाही, खाचांमध्ये अडकून बसतं, गुळगुळीत चकतीवर ते राहणारच नाही. आणि ब्लास्टिंगचे अॅल्युमिनाचे कण रुतून राहतात, ते धुऊन काढ. दुसरं म्हणजे प्लाझ्माच्या उष्णतेने हायड्रॉक्सीॲपेटाइटचा काही भाग मोडतो, काही काचेसारखा होतो, आणि हे भाग शरीरात लवकर विरघळतात. तेव्हा एक्स-रे डिफ्रॅक्शन (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखायची चाचणी) केल्याशिवाय रिपोर्टमध्ये ‘हायड्रॉक्सीॲपेटाइट’ लिहू नकोस, बाहेरचे परीक्षक पहिलं तेच विचारतील. कोटिंगला गोंदाने दांडी चिकटवून ओढून बघायची टेस्ट करशील तेव्हा १५ मेगापास्कल ही मानकातली किमान मर्यादा आहे, पण जपून, गोंद जर छिद्रांतून झिरपून धातूपर्यंत गेला तर तू कोटिंगची नाही, गोंदाची ताकद मोजत बसशील. मोठमोठ्यांनी ही चूक केलीय.

आणि आता माझं मत, कुणाला पटो न पटो. कोटिंग केलं की एका पदार्थाचे दोन होतात आणि मध्ये एक सांधा तयार होतो, आणि तुटतो तो बहुतेक वेळा हा सांधाच. दातांच्या कितीतरी इम्प्लांटवर वेगळं कोटिंग नसतंच, वाळूचा मारा आणि वर ॲसिडने खरवडलेलं टायटॅनियम, एक-दोन मायक्रॉनचा खरखरीतपणा, बास. हाड त्यालाच छान धरतं आणि सुटायला काही उरतच नाही. हायड्रॉक्सीॲपेटाइट हाडाला लवकर ओढून आणतं हे खरं, हाड कमकुवत असेल किंवा मध्ये फट राहत असेल तिथे त्याचा उपयोग आहेच. पण तुझ्या प्रोजेक्टमध्ये एक कोटिंग नसलेली खरखरीत चकती तुलनेला ठेव. ती जिंकली तर लपवू नकोस.

प्रश्न: बाबांना औषधवाला स्टेंट बसवलाय. औषध स्टेंटवरच आहे तर वर रोजच्या दोन-दोन गोळ्या कशाला? बाबा म्हणतात बंद करतो.

बाबांना म्हणावं हात लावू नका, आधी हृदयाच्या डॉक्टरांशी बोला. स्टेंटवरचं औषध वेगळ्या त्रासासाठी आहे आणि गोळ्या वेगळ्या त्रासासाठी.

१९७७ मध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग या डॉक्टरने फुग्याने हृदयाची धमनी उघडली तेव्हा ती पुन्हा मिटायची. मग १९८६ मध्ये धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, आली, धमनी उघडी राहायला लागली, पण जाळीने भिंतीला जखम होते आणि जखम भरताना तिथल्या स्नायूपेशी वाढत सुटतात, त्यामुळे साध्या जाळीत शंभरातल्या वीस-तीस जणांची धमनी परत अरुंद व्हायची. म्हणून जाळीवर पॉलिमरचा लेप आणि त्यात पेशींची वाढ रोखणारं औषध, उदाहरणार्थ सिरोलिमस, जे मुळात ईस्टर बेटाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं. युरोपात २००२, अमेरिकेत २००३ मध्ये असे स्टेंट आले आणि धमनी परत बंद व्हायचं प्रमाण खूपच उतरलं. पण औषधाला काय कळणार कुठली पेशी नको आणि कुठली हवी? धमनीचं आतलं नाजूक अस्तर जाळीवर पसरून तिला झाकून टाकतं, तेही त्याने लांबतं. तोवर उघडा धातू रक्तात, आणि उघडा धातू दिसला की रक्त गोठायला बघतं. गोळ्या त्यासाठी.

२००६ च्या सुमाराला हा उशिरा होणाऱ्या गुठळीचा धोका मोठा विषय झाला आणि डिझाइन बदललं. जाळीच्या तारा १४० मायक्रॉनवरून ६०-८० वर आल्या, कारण पातळ तार रक्ताच्या वाटेत कमी येते आणि लवकर झाकली जाते. लेप काहींनी फक्त भिंतीकडच्या बाजूला ठेवला, काहींनी विरघळणारा केला. अख्खा विरघळणारा स्टेंटही निघाला होता, अमेरिकेत २०१६ ला मंजूर झाला आणि २०१७ ला विक्रीतून काढला, कारण प्लास्टिक धातूपेक्षा कमजोर म्हणून तारा पुन्हा १५० मायक्रॉनच्या कराव्या लागल्या आणि गुठळ्या वाढल्या. कल्पना मला अजूनही आवडते, पण जाडीने मारलं तिला.

प्रश्न: मला नकली दागिन्यांची खाज येते, निकेलची ॲलर्जी म्हणतात. गुडघा बदलायचाय, चालेल ना?

सर्जनना ऑपरेशनच्या आधी सांगा, एवढंच महत्त्वाचं. इम्प्लांटच्या स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल १० टक्क्यांच्या वर असतं, कोबाल्ट-क्रोममध्ये थोडंसंच, टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूत ते घातलेलंच नसतं. कातडीला खाज येते म्हणून आतही त्रास होईलच असं नाही, बहुतेकांना होत नाही. तरी पर्याय असतात, विचारा.

प्रश्न: चांदीने जंतू मरतात, मग सगळ्याच इम्प्लांटवर चांदीचा मुलामा का देत नाहीत?

इम्प्लांट आत गेल्या क्षणापासून त्याच्या पृष्ठभागासाठी शर्यत लागते, आपल्या पेशी आधी पोचतात की जंतू. अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये हे असं मांडलं आणि ते आजही चपखल बसतं. जंतू आधी पोचले की स्वतःभोवती चिकट पडदा करून बसतात, मग अँटिबायोटिकचा जोर चालत नाही, कितीदा तरी इम्प्लांटच काढावं लागतं. आणि हे जंतू कुठून येतात, तर बरेचदा आपल्याच कातडीवरून.

चांदी या शर्यतीत जंतूंना अडवते, पण चांदीचे आयन जास्त सुटले तर आपल्या पेशीही मरतात, कमी सुटले तर उपयोग नाही, आणि साठा कधीतरी संपतोच. मेलेले जंतूही पृष्ठभागावर चिकटून राहतात आणि त्यांच्यावर नवे येऊन बसतात. म्हणून चांदी तिथे वापरतात जिथे धोकाच मोठा असतो, जसं हाडाचा कॅन्सर काढून बसवलेले लांबलचक सांधे. साध्या सांध्याला माझ्या मते नको.

प्रश्न: आम्ही चार मित्र मिळून कातडीखाली बसणारा सेन्सर बनवतोय. टायटॅनियम आणि सिलिकोन दोन्ही मेडिकल ग्रेड, सर्टिफिकेटसकट घेतलंय. तरी लॅबवाले टेस्टची लांब यादी देतात. हे पैसे काढणं नाही का?

नाही. सर्टिफिकेट कच्च्या मालाचं असतं, माणसाच्या अंगात जाते ती तयार वस्तू. आयएसओ १०९९३ हे मानक तयार वस्तूकडे बघायला सांगतं, म्हणजे कापली, वेल्ड केली, धुतली, पॅक केली, निर्जंतुक केली, त्यानंतरची. किती वेळ अंगात राहणार त्यावर यादी ठरते, २४ तासांच्या आत, ३० दिवसांपर्यंत, की त्याहून जास्त. तुमचा तिसरा गट, म्हणून यादी लांब. इथिलिन ऑक्साइडने निर्जंतुक करणार असाल तर त्या वायूचा अंशही सिलिकोनमध्ये मुरून राहतो, तोही मोजावा लागतो.

आमच्याच टीमचं सांगते. एक छोटी टायटॅनियमची डबी, सगळे कागद चोख, आणि पेशींवरची पहिलीच टेस्ट नापास, पेशी सगळ्या मेलेल्या. आम्ही धातूवर संशय घेतला, लॅबवर घेतला, एकमेकांवरही घेतला. दोनेक महिन्यांनी कळलं की स्क्रूच्या एका आंधळ्या, म्हणजे एका बाजूने बंद, भोकात पॉलिशची पेस्ट राहत होती, धुण्याचं पाणी तिथपर्यंत पोचतच नव्हतं. भोक आरपार केलं आणि टेस्ट पास झाली. तेव्हापासून कुणाचंही ड्रॉइंग समोर आलं की मी आधी भोकं मोजते. तुमच्या सेन्सरला किती आहेत ते कळवा, आणि त्यातली आंधळी किती तेही.