जुन्या कारच्या मूळ स्टिरिओला ब्लूटूथ जोडता येतो का, की सरळ अँड्रॉइड स्टिरिओ बसवावा?

जोडता येतो. आणि अँड्रॉइड, म्हणजे तो मोठ्या स्क्रीनचा सेट, बसवू नका. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल. पुढचं मी बरंचसं स्वतःच्या समाधानासाठी लिहितोय, कारण "सगळे म्हणतात कंपनीचा सेट काढून फेक, आता कोण ठेवतं" हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य शब्दन् शब्द आमच्या साडूंचं आहे.

तुमची गाडी २००७ ची, सेट कंपनीचा, सीडी आणि कॅसेट दोन्ही चालू, ऑक्सचं, म्हणजे फोनची वायर खुपसायचं, भोक नाही. माझी २००६ ची कोरोला, एमपी ०९, म्हणजे इंदूरची, तिचंही अगदी हेच. सेट डॅशबोर्डच्या आकारात बसवलेला, रात्री बटणांचा उजेड मीटरच्या उजेडाशी जुळणारा, आणि आवाज असा की आजच्या गाड्यांत ऐकायला मिळत नाही. आमचे साडू पुण्याला असतात. गाडीत बसले की पहिलं वाक्य ठरलेलं: "अहो, हे काय म्युझियम घेऊन फिरताय? नऊ इंची स्क्रीन टाका, मॅप दिसेल, यूट्यूब दिसेल." गाडी चालवताना यूट्यूब कशाला बघायचं, या प्रश्नाला त्यांच्याकडे अजून उत्तर नाही.

मला फक्त फोनवरची गाणी सेटमधून वाजायला हवी होती. इंदूर-पुणे रस्ता सहाशे किलोमीटरच्या आसपास, सीडी बदलत बसायला बायको तयार नाही. एफएम ट्रान्समीटर आधी वापरून झाला होता. लायटरच्या सॉकेटमध्ये घालायचा, फोन त्याला जोडायचा आणि तो सांगेल त्या फ्रिक्वेन्सीवर रेडिओ लावायचा. सेंधवा सोडून बिजासन घाट उतरेपर्यंत उत्तम चालतो, कारण तिथे हवेत दुसरं कोणी नसतं. शहरात मात्र त्याचं काही खरं नाही. रेडिओ मिर्चीचं पहिलं स्टेशन २००१ साली आमच्या इंदुरातच सुरू झालं, त्यानंतर एकेक करून ९२.७, ९३.५, ९४.३, ९८.३ सगळी घरं भरली. मधली रिकामी जागा शोधून लावावी, तर पुढच्या चौकात शेजारचं स्टेशन घुसतं आणि गाण्यात जाहिरात सुरू. शिवाय एफएमवर पंधरा किलोहर्ट्झच्या वरचं काही जातच नाही. झांजांची झिलई तिथेच गेली.

म्हणून जेल रोडवरच्या एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही. साडू त्या वेळी लग्नाला म्हणून इंदुरात आलेले, तेही सोबत. दुकानातला मुलगा म्हणाला, "भिया, दो घंटे में हो जाएगा, टेंशन मत लो." आम्ही पोहे खाऊन, चहा पिऊन परत आलो, तर सेट बसवून तयार. चालू केला आणि आधी एका बाईंचा आवाज कानठळ्या बसतील असा आला: "ब्लूटूथ मोड!" मग गाणं. बास नुसता घुमतोय, "स" फाटतोय, आवाज एकवर ठेवला तरी मोठा, दोनवर ठेवला की सगळा चिखल.

सेट उघडायला लावला. ब्लूटूथच्या बोर्डाच्या वायरी त्याने कॅसेटच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, डाखलेल्या होत्या. आता हे जरा नीट समजून घ्या, कारण निम्मे मेकॅनिक हेच करतात. कॅसेटच्या हेडमधून येणारा सिग्नल असतो मिलिव्होल्टच्या हिशेबात, अगदी किरकोळ. त्याला उचलून धरायला हेडच्या मागे प्रीअँप असतो आणि तो प्रीअँप सगळ्या स्वरांना सारखं वागवत नाही. टेपच्या भरपाईसाठी खालचे स्वर मुद्दाम जास्त चढवतो. ब्लूटूथ बोर्ड देतो अर्धा-पाऊण व्होल्ट, म्हणजे शेकडो पट जास्त. ते हेडवर सोडलं की प्रीअँप गुदमरणार आणि बास फुगणार. सिग्नल द्यायचा तो प्रीअँपच्या पुढे, आवाज कमी-जास्त करणाऱ्या चिपच्या, म्हणजे व्हॉल्यूमच्या आयसीच्या तोंडाशी. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स केलंय, पुढे आयुष्य बँकेत गेलं ती गोष्ट वेगळी, पण एवढं विसरलेलो नाही. मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "साब, कंपनी का पुराना सेट है, इतना ही बजेगा. स्क्रीन लगवा लो." आणि शेजारून साडू: "मी म्हटलंच होतं."

त्या "म्हटलंच होतं"चा राग अजून गेलेला नाही.

पैसे दिले, वायरी काढायला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी एकटाच महाराणी रोडला गेलो. तिथे एका बोळात जुने अँप्लिफायर दुरुस्त करणारे एक काका बसतात. टेबलावर तीन अँप्लिफायर पोट उघडून पडलेले, डोळ्यावर घड्याळजीचं भिंग. माझं हिंदी दोन वाक्यं ऐकून म्हणाले, "मराठी का? मग मराठीत सांगा, लवकर होईल." सांगितलं. "हेडला जोडलं?" त्यांनी भिंग वर केलं. "अहो, हेडला काय जोडतात!"

त्यांनी काय केलं ते लिहितो, तुमच्या कारागिराला वाचून दाखवा. व्हॉल्यूमचा आयसी शोधला, त्याचा नंबर बघून कुठल्या पायांवर कॅसेटचा डावा-उजवा आवाज येतो ते काढलं. त्या दोन रेषा प्रीअँपकडून तोडल्या आणि मध्ये एक छोटा स्विच घातला. इकडे केला की कॅसेट, तिकडे केला की ब्लूटूथ. दोन्ही चॅनलला एकेक कपॅसिटर, म्हणजे डीसी आत शिरत नाही. बोर्ड त्यांनी बोलणाऱ्या बाईचा घेतलाच नाही, साधा रिसीव्हर घेतला, फोन जोडला की फक्त टुक वाजतो. बोर्डाला पाच व्होल्ट देताना थेट सेटमधून न देता मध्ये एक आयसोलेटेड कन्व्हर्टर घातला, म्हणजे दोन्हीकडची वीज वेगळी राहते. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, "नाही घातला तर इंजिन गाणं म्हणेल." म्हणजे इंजिनाची शिट्टी स्पीकरमधून येईल.

राहिला एक प्रश्न. कॅसेट आत असल्याशिवाय सेट कॅसेटच्या मोडमध्ये जातच नाही. काकांनी खणातून एक कॅसेट काढली, स्क्रू सोडले, फीत पूर्ण काढून टाकली, दोन्ही चकत्या मात्र तशाच ठेवल्या. चकती फिरताना सेटला दिसली नाही तर टेप संपली समजून तो थांबतो किंवा उलटा फिरायला लागतो. फीत नाही, चकत्या फिरतायत, सेट खूश. ती रिकामी कॅसेट मी आत ढकलली, फोनवरून कुमार गंधर्वांचा भजनाचा एक जुना कार्यक्रम लावला. तानपुरा मागच्या सीटवर कोणी धरून बसलंय असा आला. काका हातातली कात्री ठेवून ऐकत बसले. मजुरी किती घेतली ते लिहीत नाही, त्यांच्याकडे गर्दी झालेली मला नको. साडूंच्या स्क्रीनच्या दहाव्या हिश्श्याच्या आत झालं एवढं पुरे.

आता त्या स्क्रीनचा हिशेब. डब्यावर लिहिलेलं असतं "६० वॉट गुणिले ४", म्हणजे चार स्पीकरना प्रत्येकी साठ. गाडीत इंजिन चालू असताना मिळतात चौदा-साडेचौदा व्होल्ट. चार ओहमच्या स्पीकरवर, वेगळा अँप नसेल तर, स्वच्छ आवाजाचे चॅनलमागे वीस-पंचवीस वॉटच्या वर निघूच शकत नाहीत. हे गणित आहे, मत नाही. ६० हा आकडा छापायला लागतो, वाजवायला नाही. साडूंना हे मी कागदावर करून दाखवलं. ते म्हणाले, "तुम्ही जुन्या काळातले." मग त्याच मुक्कामात, मे महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत त्यांची गाडी आमच्या रामबागेतल्या घरासमोर उन्हात उभी राहिली. दुपारी स्क्रीन अडकून बसली, रिव्हर्स कॅमेऱ्याच्या जागी काळं. पुढे दोन दिवस गाडी हलली नाही, आणि निघायच्या सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतोय. या अँड्रॉइडांची करंटची एक वायर थेट बॅटरीला असते आणि लवकर चालू व्हावं म्हणून ते किल्ली काढल्यावरही अर्धवट जागेच राहतात. रोज गाडी चालवणाऱ्याला कळत नाही. जंपर केबल माझ्या डिक्कीत होती. मी काही बोललो नाही. बायको बोलली.

असो. तुमचं उत्तर अर्धंच झालंय. सेट उघडायचा नसेल तर तुमच्याकडे कॅसेट आहे, हे तुमचं नशीब समजा. बाजारात कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर मिळतो, एक वायरवाला आणि एक ब्लूटूथवाला, ज्याच्या पोटात छोटी बॅटरी असते. एफएम ट्रान्समीटरपेक्षा आवाज हमखास चांगला. आधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून घ्या, वर्षानुवर्षांची तपकिरी राख निघेल. ऑटो-रिव्हर्सवाले, म्हणजे कॅसेटची दुसरी बाजू आपोआप वाजवणारे, काही सेट अडॅप्टरला कंटाळून सारखे बाजू बदलतात. तसं झालं तर अडॅप्टरचे आतले दाते बघा, स्वस्तातल्यात ते घट्ट असतात.

दुसरा रस्ता सेटच्या मागून जातो. त्या काळातल्या बऱ्याच टोयोटा, होंडा, स्कोडांच्या सेटला डिक्कीतल्या सीडी चेंजरसाठी, म्हणजे अनेक सीडी एकदम ठेवायच्या डब्यासाठी, वेगळं सॉकेट असतं. त्यात बसणारे ब्लूटूथ मॉड्यूल मिळतात, सेटला वाटतं मागे चेंजर जोडलाय. काहीही कापावं लागत नाही, स्टिअरिंगच्या बटणांनी गाणंही बदलतं. माझ्या सेटला ते सॉकेट होतं, पण मला मिळालेलं मॉड्यूल त्याच्याशी बोलायला तयार झालं नाही, म्हणून महाराणी रोड. घेताना गाडीचं नाही, सेटच्या मागच्या स्टिकरवरचं मॉडेल जुळवून घ्या.

आणि यूएसबीत घालायचे ते इवलेसे ब्लूटूथ खडे दिसतात ना, ज्यांच्या सेटला ऑक्स आहे त्यांच्यासाठीच ते. यूएसबीतून ते बहुतेक फक्त करंट घेतात, आवाज ऑक्सच्या वायरीने जातो. तुमच्या कामाचे नाहीत. ज्यांना ऑक्स आहे त्यांनी तेच घ्यावेत आणि हे सगळं वाचूच नये. मात्र अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आवाजात बारीक शिट्टी चढते, ती आली तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी काही शे रुपयांत मिळते, ऑक्सच्या वायरीत मध्ये घाला. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, बाकी काही नाही. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि सेटचा कमी-जास्त करा. उलटं केलंत तर खरखर वाढते.

थोडं साडूंच्या बाजूनेही लिहायला हवं, नाहीतर तुम्ही मलाच दोष द्याल. सेटचा डिस्प्ले मेलेला असेल, बटणं दबत नसतील, सीडी आणि कॅसेट दोन्ही बंद असतील तर दुरुस्तीच्या मागे लागू नका. सोनी, पायोनिअर, जेव्हीसी, केनवूड यांपैकी एखादा साधा ब्लूटूथवाला सेट घ्या, आणि दुकानदाराला गाडीच्या वायरी कापू देऊ नका, कपलर, म्हणजे गाडीच्या सॉकेटमध्ये बसणारा तयार जोड, लावून बसव म्हणा. टोयोटाच्या सेटची रुंदी बाजारातल्या सेटच्या नेहमीच्या मापापेक्षा, म्हणजे डबल डिनपेक्षा, जास्त असते, दोन्ही बाजूंना फट राहते, तिच्या पट्ट्या वेगळ्या मिळतात, त्या आधी घ्या. रिव्हर्स कॅमेरा ही एकच गोष्ट मला साडूंच्या स्क्रीनमध्ये पटते. त्याची स्क्रीन आरशात बसणारीही मिळते.

डॅशबोर्ड उघडणार असाल तर पिवळ्या कव्हरची, पिवळ्या सॉकेटची वायर दिसली की हात मागे घ्या, ती एअरबॅगची. आणि स्कोडा, फोक्सवॅगन, होंडा यांच्या जुन्या सेटना बॅटरी काढली की कोड लागतो. कोड नसेल तर स्क्रीनवर "सेफ" किंवा "कोड" एवढंच दिसत राहतं आणि चांगला चालणारा सेट मुका होतो. कोडचं कार्ड बहुतेक वेळा गाडीच्या पुस्तिकेच्या पाकिटात असतं. ते सापडेपर्यंत बॅटरीच्या नटाला पाना लावू नका.